कथा, कादंबरी, ललित, भारूड : साहित्यप्रकार ओळखायचा कशावरून?

गोदाकाठ (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वाचनगट बसतो. यंदा त्यात कॉलेजची पोरं-पोरी बऱ्याच आल्यात आणि एक प्रश्न दर बैठकीला निघतो. हे पुस्तक कथासंग्रहात धरायचं की ललितमध्ये? ही दीर्घकथा की लघुकादंबरी? परीक्षेची व्याख्या सगळ्यांना पाठ आहे, पण पुस्तक हातात आलं की ती कामाला येत नाही. म्हणून हा धागा काढतोय. नव्या वाचकाला साहित्यप्रकारांची ओळख व्हावी आणि उदाहरणं शक्यतो आपल्या मराठवाड्यातली असावीत, एवढीच इच्छा. उदाहरणांचा इथं तुटवडा नाही.

माझं म्हणणं आधी मांडतो. गद्य की पद्य, लहान की मोठं, हे बघून पुस्तकाचा कप्पा ठरवता येतो, पण त्यानं वाचायला मदत होत नाही. मी तीन गोष्टी बघतो. बोलतंय कोण? कुणाशी बोलतंय? आणि लेखकानं वाचकाला काय कबूल केलंय? प्रत्येक प्रकाराचा वाचकाशी एक करार असतो. तो कळला की पुस्तकाकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे कळतं.

पैठणपासून सुरू करू. हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यातली प्रत्येक गाथा दोन ओळींची आणि स्वतःपुरती पूर्ण. मागची वाचली नाही म्हणून पुढची अडत नाही. याला मुक्तक म्हणतात. त्याच सातवाहनांच्या दरबाराशी परंपरेनं जोडलेली गुणाढ्याची बृहत्कथा म्हणजे दुसरं टोक. मूळ पैशाचीतला ग्रंथ हरवला, पण अकराव्या शतकात सोमदेवानं केलेल्या कथासरित्सागरावरून तिचा घाट कळतो. एका गोष्टीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. तिथं मधलं पान गेलं तर वाट चुकते. मुक्तक आणि प्रबंध (म्हणजे सलग गुंफलेली रचना) हा फरक आपल्याकडचा सगळ्यात जुना, आणि आजही सगळ्यात उपयोगाचा. गझलेचा शेर, चारोळी, हायकू एका बाजूला. कादंबरी, खंडकाव्य, आख्यान दुसऱ्या बाजूला.

आता एक जोडी जरा जवळून बघा, कारण माझा मुद्दा तिच्यात पुरता दिसतो. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागं म्हाइंभटांनी हिंडून, ज्यांना आठवणी होत्या त्यांना विचारून लीळाचरित्र सिद्ध केलं. काळ साधारण 1278. केशिराजबासांनी स्वामींच्याच बोलण्यातून दृष्टांतपाठ वेगळा काढला. माणूस एक, वाणी एक, पंथ एक, भाषा एक. तरी ही दोन पुस्तकं दोन वेगळ्या प्रकारची आहेत.

लीळा वाचताना आपण विचारतो, हे कुठं घडलं, कोण कोण होतं, स्वामी काय म्हणाले. ठिकाण महत्त्वाचं, माणसांची नावं महत्त्वाची. घडलेलं जसं आठवलं तसं सांगतो, असा तिथला करार. दृष्टांतपाठात जन्मांध माणसं हत्ती चाचपून बघतात तो दृष्टांत आहे. तो हत्ती कोणत्या गावचा होता, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर दृष्टांतच हातचा जातो. तिथं आधी सूत्र येतं, मग दृष्टांत, आणि शेवटी त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक. लीळा आठवणीला बांधलेली, दृष्टांत अर्थाला बांधलेला. दोन्ही गद्य, दोन्ही आटोपशीर. लांबी मोजून हा फरक जन्मात सापडला नसता.

कथा-कादंबरीबद्दल दोनच नावं घेतो. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही 1971 सालची कादंबरी. कथेत टोमॅटो विकायला गेलेला बाप, बरोबर पोरगा, आणि एक बाजाराचा दिवस. सगळा ताण त्या एका दिवसावर येऊन पडतो. 'पाचोळा'त एका शिंप्याचं घर मोडत जातं आणि ते शिंप्याची बायको आपल्या बोलीत सांगते. पुस्तक जाडजूड नाही, पण घर एका दिवसात मोडत नाही. आज एक धागा उसवतो, काही दिवसांनी दुसरा, आणि माणसं त्या काळात बदलत जातात. कथा एखाद्या क्षणाचा दाब दाखवते, कादंबरी काळाचा.

आता तुम्ही बोला. नाटक, गझल, आत्मकथन हे प्रकार मी मुद्दाम सोडलेत. जाणकार इथं आहेतच.

बालाघाटी

गोदाकाठ सर, धागा उत्तम. पण लांबी तुम्ही फारच लवकर बाजूला सारली, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

दिवाळी अंकाचं काम ज्यांनी केलंय त्यांना विचारा. शब्दमर्यादा ही नुसती छपाईची सोय नसते. एका बैठकीत संपणारं लेखन आणि चार रात्री उशाशी ठेवायचं लेखन यांचा वाचकावर होणारा परिणामच वेगळा. कथेत लेखक ज्याची नुसती चाहूल देतो, ते कादंबरीत त्याला जगून दाखवावं लागतं. जागा असते म्हणून ते जमतं. म्हणजे लांबी हे कारण आहे, लक्षण नव्हे, असं म्हणा हवं तर. पण तिला हिशेबात धरा.

आकाराबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. आमच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांबीचं कापड, आणि त्यावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा वेदान्ती विचार, लिहिलेलं. ते बघायला लांबून माणसं येतात. पण ते कापडावर आहे म्हणून त्याचा प्रकार बदलत नाही. आतलं लेखन तत्त्वविवेचनाचंच.

गोदाकाठ

बालाघाटी, हे मान्य. 'लांबी हे कारण आहे' हे तुमचं वाक्य मी वाचनगटात सांगणार.

फक्त एक जोड देतो. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला 2016चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथा नेहमीच्या कथेपेक्षा ऐसपैस आहेत. गाव, निवडणूक, शाळा, शेत, सगळं त्यांत येतं. पानं मोजली तर कुणी लघुकादंबरी म्हणेल. तरी त्या कथाच आहेत. कितीही माणसं आली तरी सगळी एकाच पेचाकडं सरकत असतात. दीर्घकथा आणि लघुकादंबरी यांच्यात कुंपण घालता येत नाही, पण पेच एक की अनेक, एवढं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

कयाधू

नमस्कार. मी हिंगोलीकडचा, प्राध्यापकीच्या सेट परीक्षेची तयारी करायलोय. माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला. 'पाचोळा'त बाई 'मी' म्हणून सांगते. प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी'सुद्धा 'मी'च सांगतो. दोन्हींत बोली आहे, दोन्हींत गरिबी आहे. मग एक कादंबरी अन् दुसरं आत्मकथन कसं काय?

दुसरा. आमच्या नोट्समध्ये 'ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, स्त्रीवादी साहित्य हे साहित्यप्रकार' असं लिहिलंय. क्लासमध्ये सगळे तसंच पाठ करायलेत. बरोबर आहे का?

गोदाकाठ

आधी दुसरा, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. ते प्रवाह आहेत. प्रकार म्हणजे रूप : कथा, कविता, नाटक, आत्मकथन. प्रवाह म्हणजे कुठल्या जगण्यातून आणि कुठल्या भूमिकेतून लिहिलंय ते. दलित साहित्याच्या प्रवाहात कविता आहे, कथा आहे, आत्मकथन आहे, समीक्षाही आहे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेलं 'अस्मितादर्श' चाळलंत तर एकाच अंकात हे सगळे प्रकार भेटतात. रहस्यकथा, विज्ञानकथा, भयकथा ही तिसरी तऱ्हा. तिथं रूप कथेचंच, पण विषय आणि त्याचे संकेत ठरलेले. रहस्यकथेत गुन्हा उलगडला नाही तर वाचक चिडतो, कारण करार मोडला. परीक्षेत विचारलं तर प्रकार आणि प्रवाह यांत गल्लत करू नका.

आता पहिला. हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. संस्कृतात भामह या काव्यशास्त्रकारानं कथा आणि आख्यायिका असे दोन गद्यप्रकार वेगळे मानले. आख्यायिकेत नायक स्वतःची हकीकत स्वतः सांगतो, कथेत ती दुसरा सांगतो, असा त्याचा एक निकष. दंडीनं काव्यादर्शात तो खोडून काढला. सांगणारा कोण यावरून जात ठरत नाही, ही एकाच जातीची दोन नावं आहेत, असं त्याचं म्हणणं. म्हणजे नुसत्या 'मी'वर प्रकार ठरत नाही, हे हजार वर्षांपूर्वीच बोलून झालंय.

मग ठरतं कशावर? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बघा. 'आठवणींचे पक्षी'वर जे नाव आहे, तोच माणूस आत 'मी' म्हणतोय. त्या नावानं त्यानं सही केलीय की हे माझ्यावर गुदरलं. 1979 साली आलेल्या त्या पुस्तकातली उपाशीपोटीची वणवण वाचताना आपण त्या सहीवर विसंबून असतो. ती खोटी निघाली तर आपली फसवणूक झाली असं आपण म्हणू. 'पाचोळा'वर नाव बोराड्यांचं, आत बोलते ती शिंप्याची बायको. तिथं लेखकानं अशी सही केलेलीच नाही. त्यानं कबूल केलंय ते वेगळंच : ही बाई तुम्हाला खरी वाटेल. तिथं फसवणूक कधी होईल? ती मध्येच प्राध्यापकासारखी बोलायला लागली तर.

नांदेडचे नरहर कुरुंदकर यांचं 'धार आणि काठ' मिळवून वाचा. मराठी कादंबरीकडं इतक्या रोखठोकपणे बघणारी पुस्तकं थोडी. परीक्षेसाठी नव्हे, वाचायचं कसं ते कळावं म्हणून.

कयाधू

सर, 'सही'वाली गोष्ट डोक्यात बसली. नोट्समध्ये लिहून घेतली.

निळं_तळं

गझलेबद्दल मी लिहिते. औरंगाबादनं उर्दूला वली आणि सिराज हे गझलकार दिले. वली 1700च्या सुमारास दिल्लीला गेला आणि दख्खनच्या या माणसामुळं तिथल्या कवींचं लक्ष फारसीवरून आपल्या बोलीकडं वळलं, असं उर्दूचे अभ्यासक सांगतात. मराठीत माधव ज्युलियन यांच्या 'गज्जलांजलि'नं (1933) वाट पाडली आणि सुरेश भटांनी ती घराघरात नेली. आपल्याकडच्या कविसंमेलनांत आज गझल म्हणून पुष्कळ काही वाचलं जातं, पण त्यातलं बरंच साधं यमकाचं गीत असतं. म्हणून रचना उघडून दाखवते. ओळी माझ्याच, सरावाच्या.

आभाळ दाटले पण पाऊस येत नाही
मातीस धीर आता कोणीच देत नाही

शाळेत पोरगी ती पहिलीच येत होती
आता वहीस कोणी हातात घेत नाही

शेवटी जसाच्या तसा येतो तो 'नाही' म्हणजे रदीफ. त्याच्या आधी बदलतात पण जुळतात ते 'येत, देत, घेत' म्हणजे काफिया. पहिल्या शेरात दोन्ही ओळींत ते आलेत, म्हणून तो मतला. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. वृत्त सगळ्या ओळींना एकच. हे झालं व्याकरण.

पण गोदाकाठ सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथं नाही. ते दोन शेरांमधल्या मोकळ्या जागेत आहे. पहिला पावसाचा, दुसरा शाळा सुटलेल्या पोरीचा. मी मधून एकही पूल बांधलेला नाही. दुष्काळ आणि शाळा यांचा संबंध वाचकानं लावला तर लावला, नाही लावला तरी दोन्ही शेर आपापल्या पायावर उभे आहेत. हेच मी एकाखाली एक, दुष्काळ आला, मग बाप कर्जात गेला, मग पोरीची शाळा सुटली, असं ओळीनं सांगितलं असतं तर ती कविता झाली असती, कदाचित चांगलीही. गझल झाली नसती. तुम्ही गाथासप्तशतीचं मुक्तक म्हणालात, त्याच्याशी गझलेचं नातं मला फार जवळचं वाटतं.

बालाघाटी

ताई, दुसरा शेर काळजात गेला. वृत्त आनंदकंद ना?

निळं_तळं

हो, आनंदकंद.

सोंगाड्या_पैठण

भारुडाचं नाव शीर्षकात आहे अन् अजून कुणी त्याला हात लावला नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या घरात भारूड चालत आलेलं. नाथषष्ठीला आम्ही सोंगं काढतो.

पुस्तकात नाथांचं भारूड पद्य म्हणून छापलेलं असतं अन् मास्तर लोक त्याला रूपककाव्य म्हणतात. ते बरोबर आहे. विंचू म्हणजे काम-क्रोध, त्याच्यावर उतारा सत्त्वगुणाचा. पण भारूड छापील पानावर अर्धंच असतं. नाथांनी स्वतःच्या तोंडानं उपदेश केलेला नाही. कधी जोशी बोलतो, कधी वासुदेव, कधी जोगवा मागणारी बाई, कधी भूत लागलेला माणूस. दर वेळी बोलणारा गावातलाच कुणीतरी, अन् तोही बहुतेक वेळा ज्याला पंगतीत शेवटी बसवत होते असा. म्हणून ते नाट्य आहे. सोंग घेतल्याशिवाय त्याला चव येत नाही.

विंचवाचं भारूड करताना आधी दहा मिनिटं मी नुसता विंचू चावल्यागत तडफडतो. माणसं हसतात, पोरं पुढं सरकतात. कुणाच्याही मनात त्या वेळी काम-क्रोध नसतो. अन् मग मी थांबतो अन् विंचवाचं नाव सांगतो. तेव्हा जी शांतता पडते ती अभंगानं पडत नाही. अभंगात तुकोबा किंवा नामदेव स्वतः देवाशी बोलतात, आपण बाजूला उभं राहून ऐकतो. भारुडात सोंगाड्या थेट माणसांशी बोलतो अन् देव मागं उभा असतो.

गोदाकाठ

सोंगाड्या दादा, 'कुणाशी बोलतंय' हे मी वर नुसतं लिहून सोडलं होतं. तुम्ही ते अनुभवानं भरलंत. अभंग देवाशी, भारूड लोकांशी, हे मला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

याच अंगानं औरंगाबादच्या अमृतरायांचे कटाव आठवतात. अठराव्या शतकातली रचना. अनुप्रासांची सर लागलेली आणि म्हणणाऱ्याला दम घ्यायला जागा नाही. मनात वाचले तर नुसती शब्दांची गर्दी वाटते, कीर्तनात खणखणीत म्हटले की उभे राहतात. काही प्रकार डोळ्यांसाठी नसतातच. ते कानासाठी घडवलेले असतात.

कोयता_आणि_कागद

मी धारूरकडची. शाळेत शिकवते. आमच्याकडं दसरा झाला की अर्धा गाव ऊसतोडीला जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मागं राहतात म्हाताऱ्या अन् शाळेतली लेकरं. दरवर्षी वर्गातली पोरं कमी होतात. तो एकच प्रसंग घेऊन मी आठवी-नववीला प्रकार शिकवते. घर तेच, पहाट तीच. ओळी मी लिहिलेल्या आहेत.

बातमी : तालुक्यातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे रवाना होऊ लागल्या असून अनेक गावांत वृद्ध व शाळकरी मुलेच मागे उरली आहेत.

जात्यावरची ओवी :
गेली गं टोळी माझी, गाडी उतरली घाट
दाराच्या उंबऱ्याशी लेकरू पाही वाट

कथेची सुरुवात : पहाटे ट्रॅक्टर सुरू झाला तरी म्हातारीनं तोंडावरचा पदर काढला नाही. आपण झोपलोय असं समजून सून हळूच निघून गेली असती, तर पोराला उठवायचं टळलं असतं.

नाटक :
(बाहेर ट्रॅक्टरचा आवाज. म्हातारी भिंतीला टेकून.)
सून : पीठ डब्यात हाय. तेल थोडंच ऱ्हायलंय.
म्हातारी : व्हय.
सून : दवाखान्याचा कागुद फोटूमागं ठिवलाय.
म्हातारी : व्हय. (थांबून) अन् शाळेचा?
(सून गाठोडं बांधत राहते.)

मग मी पोरांना विचारते, कशात काय कळलं? बातमीत किती गावं, किती माणसं याचा अंदाज येतो, पण एकाचंही तोंड दिसत नाही. ओवी बाई स्वतःला नाहीतर जात्याच्या पलीकडं बसलेल्या सोबतिणीला सांगते. तिला पुरावा द्यायचा नसतो, म्हणून दोन ओळी पुरतात. कथेत आपण म्हातारीच्या पदराखाली शिरतो, तिच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगू शकतो. नाटकात ती सोय नाही. तिथं म्हातारी 'व्हय' एवढंच म्हणते आणि बाकीचं नटीच्या अंगावर येतं. माझ्या वर्गातली एक पोरगी म्हणाली, 'बाई, नाटकातली आजी जास्त रडायली, पण लिवलेलं नाही.' नाटक म्हणजे काय हे मला त्या दिवशी तिच्याकडून नव्यानं कळलं.

निळं_तळं

ताई, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. 'अन् शाळेचा?' वर मी थांबलेच.

तेरणा

धागा सुरुवातीपासून वाचतेय. धीर करून माझं काहीतरी टाकते. हे ललित आहे की कथा, हे मला ठरवता येत नाही. दिवाळी अंकाला द्यायचंय आणि पाकिटावर प्रकार लिहा असं त्यांनी कळवलंय.

"आजीच्या उतरंडीत सगळ्यात वरच्या गाडग्यात खारका असायच्या. तिथवर आम्हा पोरांचा हात पोचायचा नाही. त्याच्या खाली हुलगे, त्याच्या खाली तीळ, आणि अगदी तळच्या रांजणात जवारीचं बी. दुष्काळात उतरंड वरून रिकामी होत गेली. आधी खारका गेल्या, मग तीळ. तळच्या बियाला मात्र आजीनं कुणाला हात लावू दिला नाही. बी खाल्लं तर पेरायचं काय, म्हणायची. पुढं ती गेली. दिवस झाल्यावर आम्ही उतरंड काढली. रांजणात बी नव्हतं."

बालाघाटी

माझ्या मते ललित. अनुभव स्वतःचा, 'आम्ही' म्हटलंय, घटना फार नाही, वस्तूभोवती आठवण फिरतेय.

कोयता_आणि_कागद

मला कथा वाटली. शेवटच्या वाक्यानं अंगावर काटा आला.

गोदाकाठ

तेरणाताई, फार चांगलं लिहिलंय. दोघांचंही बरोबर आहे. शेवटच्या वाक्याच्या आधीपर्यंत ते ललित आहे. लिहिणारी आठवतेय, उतरंडीचा एकेक थर उतरवतेय, घाई नाही. 'रांजणात बी नव्हतं' आलं की वाचक मागं फिरतो. आजी इतके दिवस रिकाम्या रांजणाची राखण करत होती? की तिनंच ते रातोरात शिजवून पोरांना घातलं आणि कुणाला कळू दिलं नाही? एका वाक्यानं सगळी आजी बदलली. मागचं सगळं नव्यानं वाचायला लावणारा शेवट ही कथेची रीत. ललित लेख असता तर तो रांजणाशी थांबला नसता. ते बघून तुम्हाला काय वाटलं, आज धान्याच्या डब्याशी उभं राहिलं की काय आठवतं, तिकडं तुमचं मन गेलं असतं. ललितमध्ये खरा विषय लिहिणाऱ्याचं मन असतं, उतरंड निमित्त.

अनंत भालेरावांचं 'मांदियाळी' वाचलंत तर तिसरी वाटही दिसेल, व्यक्तिचित्राची. मग उतरंड आजीच्या अनेक गोष्टींपैकी एक होईल आणि लेखाचं नाव आजीचं असेल.

तेरणा

पण सर, हे खरंच घडलंय. आमच्याच घरातलं आहे. मग त्याला कथा कसं म्हणू?

गोदाकाठ

घडलेलं असलं म्हणून कथा व्हायला अडत नाही. प्रश्न एवढाच की वाचकाला काय कबूल करायचंय. ललित किंवा आठवण म्हणून दिलंत तर प्रत्येक गाडग्याला तुमची सही लागली. ज्या रात्री तुम्ही जाग्या नव्हता त्या रात्रीचं एक अक्षर लिहिता येणार नाही. कथा म्हणून दिलंत तर ती रात्र लिहायची मुभा मिळते, पण मग 'हे खरं आहे हो' म्हणून वाचकाकडून सूट मागता येत नाही. आजी कागदावर खरी वाटली पाहिजे, एवढंच बघितलं जाईल.

सोंगाड्या_पैठण

अन् ती रात्र लिहिली तर चूल पेटवताना आवाज होऊ नये म्हणून आजी काय काय करंल ते लिहा. आमच्यात सोंग तिथंच उभं राहतं.

तेरणा

दोन दिवस विचार केला. कथा म्हणून लिहिते. ती रात्र मला लिहायचीच आहे. इतकी वर्षं घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही आणि विचारावं असं आता कुणी राहिलं नाही. आठवण म्हणून लिहिलं तर मला रांजणाशीच थांबावं लागेल.

एक विचारते. आजीचं बोलणं धाराशिवकडच्या बोलीत ठेवू की प्रमाण मराठीत?

कोयता_आणि_कागद

बोलीतच ठेवा. 'बी खाल्लं तर पेरायचं काय' हे ती जसं म्हणायची तसंच.

गोदाकाठ

बोलीतच. निवेदनही बोलीत हवं का, ते एक पान लिहून मोठ्यानं वाचल्यावर ठरवा. पहिला खर्डा झाला की इथं टाका. पुढच्या वाचनगटात 'लाल चिखल' आणि लीळाचरित्रातल्या काही लीळा शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या ठरल्या आहेत. कयाधू, हिंगोलीहून गाडीची सोय असेल तर तुम्हीही या. सेटच्या नोट्स घेऊनच या.